दोन वायरी आणि सहा वर्षांचा चहा

भोकर, मंगळवार, दिवेलागणीला

राग इतका, की रडूही येईना.

सहा वर्षांमागं हे गेल्यावर दुकानात मोटारी भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, मला भाऊजींनीच शिकवलं. सख्खा दीर! पण करंट न देणारा जनरेटर आला की म्हणायचे, "वहिनी, चहा टाका." चहा घेऊन यावं, तर जनरेटरला तपासायला लावलेला बल्ब पेटलेला. मला वाटायचं, माझा चहा आवडतो.

आज भाऊजी लातूरला. किनवटच्या वसतिगृहाचा जनरेटर आला, उन्हाळाभर बंद असलेला. इंजिन फिरतंय, करंट न्हाई. कॉइल तपासली, चांगली. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, "कॉइल जळली असंल. राहू द्या, मी बघतो."

वसतिगृहाचे शिपाईकाका म्हणाले, "मागं भाऊंनी कॉइलीला बॅटरीच्या दोन वायरी जराशा टेकवल्या की. तुम्ही आत चहाला गेलता तवा."

टेकवल्या. इंजिन मारलं. बल्ब पेटला.

एवढंच? मग ह्यांचं आयटीआयचं पुस्तक काढलं. लोखंडात आधीचं थोडं चुंबक उरलेलं असतं, त्यावर पहिला करंट उठतो आणि तोच करंट चुंबक वाढवतो. लई दिवस बंद राहिलं की ते उतरतं, बॅटरी ते परत भरते. एवढ्यासाठी सहा वर्षं चहा?

फोन करून सांगितलं, "भाऊजी, चालू झालं." वाटलं, निदान शाबास म्हणतील. तर म्हणाले, "कोणी सांगितलं?"