बाजारात न आलेली माणसं

७ जाने.
तक्रार नोंदवून ठेवतो. वर्गातल्या खुर्चीला लिहायची जी फळी आहे, ती माझं पोट मान्य करत नाही. इतकी वर्षं गुडघ्यावर कागद ठेवून बातम्या पाठवल्या, हा प्रश्न कधी उद्भवला नाही. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात या वयात शिरल्याचं प्रायश्चित्त.
आज मध्यक. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, मधला उचलायचा. मध्यमपदलोपी समास घोकलेल्याला मधलं पद सापडलं, ही प्रगतीच.

१० जाने.
शून्य गृहीतक. 'काही फरक नाही' असं आधी धरायचं, मग पुराव्यापुढे ते टिकतं का बघायचं. म्हटलं, शाळेतले आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा याला पूर्वपक्ष म्हणत, खोडण्यासाठीच आधी मांडलेला. इंगळे मॅडमनी (धामणगाव बढेच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या) शब्द फळ्यावर लिहिला. वर म्हणाल्या, "पण काका, खोडता आला नाही म्हणून तो खरा ठरत नाही." हे शास्त्रीबुवांनी सांगितलं नव्हतं.

१६ जाने.
प्रात्यक्षिक : गावाचा रक्तदाब. आमच्या धाड गावच्या बाजारात टेबल टाकलं. मशीन सलमाचं (वर्गातली, नांदुऱ्याची नर्स), वही माझी. फुकट म्हणून रांग. एक आजोबा दोनदा आले. बहुतेकांचा उत्तम. मथळा मनात तयार : गाव ठणठणीत.
सौ. दिवाळीपासून बाजाराला येत नाही. निघताना विचारलं, तर "मले काय धाड भरली? पाय जड झाले नुसते. तुम्ही जा." भाजी मीच आणली. मेथी जून निघाली.

२० जाने.
आकडेमोड प्रथमच बिनचूक. मॅडमनी तक्ता पाहिला, पेन खाली ठेवलं आणि वर्गाची भाषा सोडून गावची धरली. "काका, जो बाजारात आला तो चालून आला. ज्याले दम लागते तो घरीच बसून राह्यला. त्याले कोनं मोजलं?"
कुणीच नाही. मथळा गेला. आता चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, घरोघर जायचं. सलमानं मशीन माझ्याकडेच ठेवलं, दंडाला पट्टा कसा बांधायचा ते पुन्हा शिकवलं, कपाळाला आठी न घालता. पन्नाशीनंतर आपली चूक कुणी इतक्या मायेनं दाखवतं का? फळीबद्दलची तक्रार मागे. निम्मी.

२४ जाने.
चिठ्ठ्यांत आमचं घर निघालं नाही. हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.
मशीन टेबलावर. धूळ नको म्हणून सौ.नं त्यावर विणलेला रुमाल घातला. हात पुढे कर म्हटलं, तर "आधी गावाचं मोजा." मी पुन्हा म्हटलं नाही.

२५ जाने.
जिना चढताना ती मध्येच बसते. आडवं पडलं की दम लागतो, म्हणून झोपताना हल्ली दोन उश्या घेते. मला सगळं दिसतं. तिला काही झालेलं नाही, असं मी धरून चाललोय, आणि ते खोडलं जाईल म्हणून मोजत नाही. रुमाल तिनं घातला खरा, पण उचलायचा मीही थांबलोय.
मला भीती वाटते. हिच्याशिवाय राहावं लागेल याची.