हद्दीच्या दगडाजवळचा कोंब

प्रिय श्वेमिंग,

आमच्या उंबऱ्यावर तू जी बांबूच्या कोंबांची टोपली ठेवून गेलास ती मला फुकटात पडली असं तुला वाटत असेल, तर आधी तिचा हिशेब ऐक. छिंगमिंगच्या सणाला पितरांपुढे ठेवायला म्हणून खारवलेल्या मांसाचा एक चांगला तुकडा मी टांगून ठेवला होता, तो तुझ्या कोंबांच्या कालवणात गेला. पितरांना यंदा टोफूवर भागवावं लागेल. माझी दुपारची झोप गेली, कारण यिनदी आणि शेजारची जिनमेइ अंगणाच्या भिंतीशी बसून तुझ्या कोंबांची सालं सोलत होत्या आणि सालांबरोबर तुझं गुणगान चाललं होतं. माझे कान किती तिखट आहेत ते तुला ठाऊक आहे. आणि ह्या वयात स्वतःच्या बायकोच्या गप्पा मला खिडकीआड उभं राहून ऐकाव्या लागल्या, तो खर्च वेगळाच. एवढं करून तू दार वाजवलं नाहीस. शहरातून इतका लांब आलास, टोपली ठेवलीस आणि चोरासारखा निघून गेलास. हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू नुसता हसतोस आणि मग मला काय बोलायचं होतं तेच मी विसरतो.

यिनदीला हिवाळ्यात न्यूमोनिया झाला हे तुला कुणीतरी सांगितलं असणारच, नाहीतर टोपली कशाला आली असती. ताप उतरला, खोकला गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. भात म्हणे कागदासारखा लागतो, मासा साबणासारखा. कोंबडी आणली, अंडी वाफवली, वाडगे जसेच्या तसे परत. तिच्या हातातलं चांदीचं कडं आता कोपरापर्यंत सरकतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाल्लं नाही तर पुन्हा दवाखान्यात आणून नळी घालावी लागेल. असं चाललेलं असताना तुझी टोपली आली, आणि आमच्या बाईसाहेबांनी वाडगा भरून कालवण घेतलं, वर आणखी मागितलं. मला आनंद झाला नाही असं नाही. झालाच. पण तो आनंद तुझ्या टोपलीतून आला हे मला खुपलं, हेही तुला सांगायला हवं.

अरे, कोंब काय माझ्याकडे नाहीत? मी खांद्यावर कावड घेऊन उतारावरून बाजारात कोंब नेणारा माणूस. आज माझी वाळवणाची शेड आहे, आणि विकायच्या खोक्यांवर माझा फोटो आहे, छातीला लाल कापडाचं फूल आणि हातात चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेत कोंबांचा राजा ठरलेला तो कोंब. सालं पिवळीधमक, बुडाचे ठिपके कोवळ्या बाळाच्या तळव्यासारखे गुलाबी. परीक्षकांनी कच्चाच चाखला होता. 'असा राजा फक्त आमच्या लौ घराण्याच्या डोंगरात जन्मतो,' असं मी खोक्यांवर छापून घेतलंय, आणि ते छापताना डोळ्यांसमोर तू होतास. तुझ्या बनातला एखादा कोंब कधी राजा झाल्याचं मला आठवत नाही.

तरी तिला तुझेच कोंब लागतात. हे आजचं नाही. लग्नाआधी खरेदीच्या गोदामाच्या अंगणात ती कोंब निवडायला बसायची ते तुला आठवत असेलच, मला तर तिथल्या चटयासुद्धा आठवतात. पिवळ्या टोकाचे एका चटईवर, ऊन लागून टोक काळं पडलेले दुसऱ्या, आणि बुडाचे ठिपके जांभळे झालेले दिसले की सरळ वाळवणात. माझी टोपली ती कोंब न् कोंब उलटून पाहायची. तुझी न बघता पहिल्या चटईवर ओतायची. एकदा मी म्हटलं, 'त्याचेही जरा उलटून बघत जा की.' तर म्हणते कशी, 'तो कोंबानं जमिनीला भेग पाडल्याशिवाय कुदळ लावत नाही. तू थांबतोस का भेगेसाठी?' त्या दिवसापासून मी तुझा हेवा करतो. लग्न माझ्याशी झालं, मुलं माझी झाली, तरी हेव्यात खंड नाही.

टोपली आली त्या दुपारी भिंतीशी जिनमेइनं तिला तेच विचारलं. बाई तोंडाची फटकळ. 'एवढं कौतुक आहे श्वेमिंगचं, तर त्याच्याशीच का नाही लग्न केलंस गं?' यिनदी म्हणाली, 'श्वेमिंगदादा भेग पडायची वाट बघत बसला. आमच्या ह्यानं आधीच कुदळ मारली.' दोघी खूप हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण हसून झाल्यावर तिनं टोपलीतला पुढचा कोंब उचलला आणि उलटून न बघताच सोलायला घेतला.

टोपली संपली तेव्हा मी एक डाव केला. खालच्या उताराचे माझे कोंब काढले, तसेच शिजवले, आणि 'श्वेमिंगचे आहेत' म्हणून तिच्यापुढे ठेवले. तिनं एक फोड तोंडात घातली आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. 'हे आपले खालचे. टोपली संपली तर संपली म्हण, म्हाताऱ्या, फसवतोस कशाला?' मला वाटलं, माझ्या कोंबाचं एखादं साल तिला दिसलं असेल. मग मी हट्टाला पेटलो. वरच्या कोपऱ्यात, तुझ्या-माझ्या हद्दीच्या दगडाजवळ जिथं राजा निघाला होता, तिथं गेलो. जमीन नुकती फुगली होती, केसाएवढी भेग. भेग बघून कुदळ लावली, तुझ्यासारखी. तो कोंब शिजवून दिला आणि कुणाचा ते सांगितलं नाही. तिनं वाडगा पुसून खाल्ला. वर म्हणाली, 'श्वेमिंगदादाचा एक मागे ठेवला होतास वाटतं?' मी म्हटलं, 'हा आपला आहे. राजाच्या जागचा.' ती म्हणाली, 'असेल. चव त्याच्या बनाची आहे.' मी म्हटलं, तुझी जीभ अजून बरी झालेली नाही. ती म्हणाली, 'जीभ बरी झाली म्हणूनच कळलं.'

मी रागानं उठून किराणा दुकानाकडे गेलो, तर तिथं दुसरीच बातमी. अक्रोडाची लागवड करणारा तो जाडा माणूस सिगारेट ओढत सांगत होता की थोंगचा, म्हणजे तुझा, डोंगर त्यानं घेतला, म्हातारा येऊन मोजून देऊन गेला, छिंगमिंगनंतर सही. बांबू सगळे तोडायचे, आणि हद्दीवर कमरेएवढा चर खणायचा, म्हणजे शेजारच्या बांबूची मुळं अक्रोडात घुसणार नाहीत. म्हणजे तू ह्या खेपेला कोंबांसाठी आला नव्हतास. बन मोजायला आला होतास, आणि टोपली निरोपाची होती. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता हिच्यापुढे ठेवायला ह्याचं काही उरणार नाही, झक मारत माझंच खाईल. गुणगुणत घरी आलो. दारात यिनदी उभी होती, कड्याला दोरा गुंडाळत होती, हातातून गळून पडू नये म्हणून. माझं गुणगुणणं तिथंच बंद झालं.

सकाळी कुदळ घेऊन राजाच्या जागी गेलो. तिला खोटं पाडायला गेलो होतो, दुसरं काही नाही. जो कोंब तिनं खाल्ला त्याच्या खालचा मुळाचा चाबूक मोकळा केला. वर आपल्या प्रत्येक बांबूवर शाईनं आडनाव आणि वर्ष लिहिलेलं असतं, पण खाली आडव्या धावणाऱ्या मुळावर कोण नाव लिहिणार? कोंब ज्याच्या जमिनीत वर येतो त्याचा, असाच आपल्याकडे रिवाज आहे, आणि कुणी त्यावरून भांडलेलं नाही. चाबकाच्या पेरांवरचे डोळे जिकडे तोंड करून असतात तिकडे तो धावत असतो, एवढं मला कळतं. म्हणून मी उलट्या दिशेनं, तो जिथून आला तिकडे उकरत गेलो. दगडापर्यंत गेलो. दगडाखालून गेलो. मग इकडेतिकडे बघितलं आणि तुझ्या जमिनीतही उकरलं, ते तू माफ कर किंवा करू नकोस.

म्हणून हे पत्र. श्वेमिंग, सही करू नकोस. त्या माणसाचा चर झाला की माझा वरचा कोपराही मरेल, पण त्याचं मला एवढं नाही, खोक्यांवर मी दुसरं काही छापीन. यिनदी जेवेल अशी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. शहरातून येणं तुला जमत नसेल तर नको येऊस, तुझं बन मी बघतो. पहाटे कोणत्या कोंबाच्या टोकाला दवाचा थेंब आहे ते बघून तो बांबू व्हायला राखीन, कोरडे तेवढेच काढीन, आणि नवीन बांबूंवर तुझं आडनाव लिहीन. माझं अक्षर वाईट आहे, पण 'थोंग' लिहिता येतं. हेवा काही जाणार नाही, तो माझ्याकडेच राहू दे. आणि पुढच्या खेपेला दार वाजव. तिला उघडू दे.

ती खोटी पडली नाही. दगडाजवळ जुन्या कोंबाचा खुंट अजून होता, जिथून मी चार वर्षांपूर्वी राजा तोडला होता तो. तोही त्याच चाबकावर होता. चाबूक जिथं संपला त्या बांबूवर 'थोंग' लिहिलेलं आहे. अक्षर तुझं आहे.

तुझाच,
गनफा