सील केलेल्या संगणकातला अण्णांचा रजेचा अर्ज

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
गोदाम नोंदणी कार्यालय, सोलापूर.

विषय : कै. चनबसप्पा मलकप्पा बिराजदार, वरिष्ठ लिपिक, यांचा संगणक कोरा करण्यापूर्वी त्यात अडकलेले एक पान छापून घेणेबाबत.

संदर्भ : १) रजेचे हस्तलिखित अर्ज न स्वीकारणेबाबत आपले परिपत्रक.
२) बिराजदार यांच्या नावे ज्ञापन, दि. १/११/२०२३.
३) माझी तोंडी विनंती, दि. ८/११/२०२३ (आपणांस आठवत असल्यास).

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की,

१. आपल्या कार्यालयात संगणक चार आणि प्रिंटर एक. निघालेले पान थेट आपल्या हाती पडावे म्हणून तो आपल्या दालनात ठेवला आहे. भिंतीला भोक पाडून त्याची वायर माझ्या संगणकाला जोडली आणि तेथून तो इतरांना शेअर केला. ही जोडणी माझी. तिच्यात एक उणीव आहे, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. माझा संगणक बंद असला की इतरांनी पाठवलेली पाने त्यांच्याच संगणकात थांबून राहतात. ती हरवत नाहीत, पण दोन्ही संगणक एकाच वेळी चालू होईपर्यंत निघतही नाहीत.

२. सोमवार दि. २३/१०/२०२३ रोजी खंडेनवमीनिमित्त यंत्रांची पूजा झाली. मी माझा संगणक बंद केला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. पूजलेल्या यंत्राला दसऱ्याचे सोने लुटेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या वैराग गावची रीत मी हौसेने येथे आणली. पेढा खाऊन आपणही दालनाला कुलूप लावून गेलात. अण्णा (बिराजदारांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू) मागे राहिले. त्यांच्या छातीत दुखत होते. त्यांनी स्वतःचा संगणक पुन्हा चालू केला, रजेचा अर्ज टाईप केला, छपाईला पाठवला, संगणक बंद केला आणि छाती दाबत जिना उतरले. हे शिपाई केराबाई यांनी पाहिले आहे. हाताने चार ओळी खरडल्या असत्या तरी भागले असते, पण संदर्भ १ चे परिपत्रक अण्णांनीच फलकावर लावले होते. बंद दालनात आपल्या टेबलाशेजारी पान पडले असेल, असे धरून ते दवाखान्यात गेले.

३. अण्णा दि. २/११ रोजी वारले. बुधवार दि. २५/१० पासून ते वारले तोवर हजेरीपटावर "विनापरवानगी गैरहजर" असा शेरा आहे. कार्यभार न सोपवता गेले म्हणून त्यांचा संगणक सील झाला. सात दिवसांत समक्ष खुलासा करावा, हे संदर्भ २ चे ज्ञापन दुधनीला त्यांच्या घरी ते वारल्याच्या तिसऱ्या दिवशी पोचले. मी तेथे भेटायला गेलो होतो. घरात वाचून दाखवणारे दुसरे कोणी नसल्याने ते मलाच वाचावे लागले. त्यांच्या पत्नी सुंदरम्मा एवढेच म्हणाल्या, "अर्ज टाकूनच आलोय म्हनले की वो. छातीत दुखताना मानूस खोटं बोलतंय व्हय?" मला मान वर करवली नाही.

४. या शेऱ्यामुळे अण्णांच्या एकतीस वर्षांच्या सेवेत खंड दाखवला गेला असून सुंदरम्मांचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण परत आले आहे. संदर्भ ३ अन्वये मी विनंती केली असता, "मेलेल्या माणसाचा अर्ज मंजूर करून त्याला कुठे पाठवू?" असे आपण विचारलेत. आता सोमवार दि. २०/११ रोजी तो संगणक कोरा करून नव्या लिपिकास देण्याचे आदेश आहेत. तसे झाले तर ते पान कायमचे जाईल आणि अण्णा कायमचे न सांगता पळालेले ठरतील.

५. तरी पंचांसमक्ष सील काढावे, तो संगणक चालू करावा आणि माझाही चालू ठेवावा. दुसरे काहीही करावे लागणार नाही. पान आपोआप आपल्या दालनात निघेल. त्यावर दिनांक असेल, आणि पाठवल्याची वेळ संगणक सांगेल. यंत्र बंद ठेवल्याबद्दल माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.

६. एक बाब मी सुंदरम्मांनाही सांगितलेली नाही. बुधवारी सकाळी अण्णांनी दवाखान्यातून मला फोन केला. धाप लागत होती. "रामहरी, माजा अर्ज सायबाकडं निगाला न्हवं?" मी तेव्हा हारातली वाळलेली फुले काढत होतो. उठून पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. "व्हय अण्णा, निघाला की. तुम्ही निवांत पडा," असे म्हणालो. त्यानंतर ते आठ दिवस जगले आणि त्यांनी पुन्हा विचारले नाही. म्हणजे अर्ज पोचल्याची पोच या कार्यालयाच्या वतीने त्यांना दिली गेलेली आहे. ती सोमवारपूर्वी खरी करून द्यावी, ही विनंती.

आपला नम्र व कसूरदार,

(सही)
रामहरी सुरवसे,
कनिष्ठ लिपिक
सोलापूर, दि. १७/११/२०२३

सोबत : १) केराबाई यांचा जबाब, अंगठ्यासह.
२) दि. २५/१० रोजीच्या फोनची नोंद. कालावधी एक मिनिट चार सेकंद.