सात नंबरचा ठिपका

प्रिय वहिनी,

मेसेज टाकायचा सोडून हिनं कागद का पाठवला, म्हणून धास्तावू नकोस, सगळं ठीक आहे. परवा दादाचा फोन आला होता. तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडणार म्हणतेस. "माझ्या असण्यानसण्यानं तिथं कुणाला काय फरक पडतो?" असं म्हणालीस म्हणे. दादा बिचारा गडबडला, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. चुकलंही असेल, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, तेही कामाच्या टेबलावर सापडलेलं.

विद्यापीठातल्या आमच्या अभ्यासासाठी तुम्ही सगळ्यांनी सह्या करून ग्रुपमधलं बोलणं दिलं होतं ना? माणसं फोनवरून एकमेकांना कशी धरून असतात, याचा हा अभ्यास. एक गणितवाला, एक भाषेच्या बाई आणि मी समाजशास्त्राची, अशी आमच्या खोलीत तीन तोंडं तीन दिशांना. नावं काढून माणसांना नंबर दिलेले, त्यामुळे कुठलं घर कुणाचं ते आम्हालाही कळत नाही. प्रत्येक माणसाचा एक ठिपका, आणि कोण कुणाला उत्तर देतं याच्या रेघा ओढल्या की घराचा नकाशा तयार होतो.

तर मंगळवारी गणितवाला म्हणाला, या घरातला सात नंबर माणूस नाहीच, आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम आहे, काढून टाकू. का, तर तो प्रत्येकाला उत्तर देतो, एकालाही सोडत नाही. माणसं असं करत नाहीत म्हणे! भाषेच्या बाईंनी खात्रीसाठी मजकूर उघडला. कुणीतरी नुसतंच "कककक" पाठवलेलं आणि खाली सात नंबरचं उत्तर: "काका, खिशात फोन दाबला गेला वाटतं. गोळी घेतलीत का?" मी कपाळावर हात मारला. सांगायचं नसतं, पण तोंडून गेलंच, अहो, ही आमची वहिनी आहे.

तोवर त्यानं सातचा ठिपका काढलाही होता. वहिनी, पडद्यावर आपलं घर विस्कटलं गं. काका एका कोपऱ्यात, आत्या भलतीकडेच, आणि दादा नि मी तर एकमेकांना सापडेनात. आम्हा सख्ख्या भावंडांमधली वाट तुझ्यातूनच जात होती. गणितवाल्यानं ठिपका परत ठेवला. एवढा फरक पडतो.

मला तर आधीच कळायला हवं होतं. माझा प्रबंध नापसंत होऊन परत आला, तेव्हा मी ग्रुपवर नुसतं एक टिंब पाठवलं होतं. सगळ्यांना वाटलं, चुकून गेलं. तू लिहिलंस, "फोन करते. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस, नुसता वाजू दे." मी उचलला नाही, पण तू संध्याकाळपर्यंत वाजवत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहायला बसले. आज मी या खोलीत आहे ती त्यामुळे. तुझे फार उपकार आहेत, परकं वाटलं तरी म्हणू दे.

आता हे पत्र का, ते सांगते. आमच्या नकाशात कुणी आधी विषय काढला, तेही दिसतं. तुझी उत्तरं सगळ्यांकडे गेलेली दिसतात. पण इतक्या वर्षांत तिथं आपणहून तुझी चौकशी कुणी केलेली दिसत नाही. ग्रुपमध्ये राहा नाहीतर खुशाल बाहेर पड, मी अडवणार नाही. मला फक्त विचारायचंय, वहिनी, तू कशी आहेस? सवडीनं लिही, आणि आमच्यापैकी कुणाचंही नको, फक्त तुझं लिही.

वाट पाहणारी,
तुझीच भांडखोर नणंद