जुनी डिस्क पुसण्याआधी

प्रिय ऐश्वर्या,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद काही कट करता येत नाही. रागावले नाहीये गं. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होते, आता नाही. अण्णांसारखे वडील गेल्यापासून तू गडमुडशिंगीच्या घरातून बाहेर पडली नाहीस आणि आपल्या स्टुडिओतली तुझी खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही, गिऱ्हाइकालासुद्धा.

आधी बातमी सांगते. नवा सर्व्हर आला की! लग्नांच्या व्हिडिओंनी जुना पार तुडुंब भरला होता. मोठ्या डिस्क घेतल्या, सोळा-सोळा टीबीच्या. पहिली लावली, वाटे म्हणजे पार्टिशन पाडले, फॉरमॅट केली आणि बघते तर दोनच टीबी दिसतायत. झालं, माझं डोकं फिरलं. तशीच डिस्क घेऊन, जिथून आणली त्या शाहूपुरीतल्या आदर्शच्या दुकानात गेले आणि भरल्या दुकानात त्याला फसव्या म्हणाले. त्यानं गुमान चहा मागवला. अर्धा कप होतोय तोवर मला तुझं बोलणं आठवलं. दोन टीबीच्या पुढची डिस्क असली की वाट्यांचा जुना तक्ता चालत नाही, त्याला दोनच्या पुढं मोजताच येत नाही; आधी जीपीटी नावाचा नवा तक्ता करायचा, मग वाटे. तोंड कुठं लपवू असं झालं बघ. आदर्श मात्र विचारतोय, ताई, चहा गार झाला, दुसरा सांगू काय?

मग स्टुडिओत येऊन नीट केलं. पण एकटीनं करताना जीव थाऱ्यावर नव्हता. आपली रीत तुला ठाऊकच आहे. एकीनं डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं तो पडद्यावर ताडून बघायचा आणि ‘व्हय’ म्हणायचं. मगच एंटर. नाहीतर नव्याच्या जागी भरलेली डिस्क पुसली जायची आणि कुणाचं तरी लग्नच गायब. ही रीत अण्णांचीच. गुळाच्या अडतीत एकट्यानं वजन करायचं न्हाय, एकानं काटा बघायचा, दुसऱ्यानं पुकारायचं, असं सांगायचे. शनिवारी आले की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून विचारायचे, पोरींनो, ह्या डबड्यात किती लग्नं मावत्यात? उत्तर ऐकून दर शनिवारी तितकेच चकित व्हायचे. या वेळी नव्या सर्व्हरला फक्त कोऱ्याच डिस्क लावल्या होत्या, पुसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझं एकटीचं भागलं.

अम्मी रोज तुझी चौकशी करते. तुझं बिनकांद्या-लसणीचं पातेलं अजून वेगळंच ठेवलंय तिनं. परवा उगीचच घासून पुन्हा पालथं घातलं.

तुझी आई मंडईत भेटली होती. काकूंनी तुझी भीती सांगितली, तेव्हा माझा राग गेला. मला वाटत होतं तू मला टाळतेस. मी पण खुळीच! अण्णा गावातल्या कुठल्या लग्नात नव्हते? कुठं बँडवाल्यावर ओरडतायत, कुठं पंगतीत आग्रह करतायत. एखादा व्हिडिओ कापायला घ्यावा आणि मधेच त्यांचा आवाज यावा, याची तुला भीती वाटते, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून मी सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. ज्यात अण्णा आहेत ते बाजूला काढले आणि शेवटच्या डिस्कवर त्यांच्यासाठी वेगळा वाटा पाडला. सर्व्हर सुरू झाला तरी तो आपणहून उघडत नाही, सांगितलं तरच उघडतो. बाकी कुठंही तू बिनधास्त काम कर, अण्णा अचानक हाक मारणार नाहीत. गावातल्या ऋषभच्या लग्नात ते ‘पावणं, जेवल्याबिगर जायचं न्हाय’ म्हणतात ना, तिथं मी रडले. खोटं कशाला सांगू?

सगळ्याची दोन ठिकाणी नक्कल झालीये, चालवूनही बघितली. आता फक्त जुन्या सर्व्हरमधली भरलेली डिस्क पुसायची राहिलीये. आदर्श म्हणाला, ताई, मी येऊन नंबर बघतो. मी नको म्हटलं. त्याच डिस्कसाठी हे पत्र. शनिवारी ये. स्टिकरवरचा नंबर मी वाचते, तू नुसतं ‘व्हय’ म्हण. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी, तोवर डिस्क तशीच राहील. पण ये गं. एकट्यानं वजन करायचं न्हाय, हे अण्णांनी तुलाही सांगितलंय.

तुझ्या ‘व्हय’साठी थांबलेली,
तुझीच
सबिना