जुन्या बाजारातलं जांभळं लुगडं

ता. १६ जाने. ४५
दवनीवाडा. थंडी. आज वर्गात फळा पुसताना कोटाची बाही कोपरापाशी पुन्हा उसवली. कोट गोंदियाच्या जुन्या बाजारातला, आधी कुणा तिकीट तपासनिसाचा. आतल्या खिशावर त्याचं आडनाव शाईने लिहिलंय, कितीही धुतलं तरी जात नाही. दोन वर्षं मी त्याच्या नावावर थंडी काढतोय. छत्री जुनी. चष्मा जुना, डाव्या डोळ्याला बरा. ही रोजनिशीसुद्धा पोरांच्या तपासलेल्या पेपरांच्या पाठीवर. नवं काही घ्यायचं नाही, असं लढाई लागल्यावर मीच घरात मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. आता तोरा गेला, नियम राहिला. घ्यायचं म्हटलं तरी मिळतंय कुठे.

ता. १९ जाने.
लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे. सौ. आणि शेवंता, दोघीत मिळून एकच धड लुगडं. सौ. ते नेसून विहिरीवर गेली की शेवंता ठिगळाच्या लुगड्यात घरात बसते. शेवंता गेली की सौ. बसते. मायलेकी वर्षभरात एकत्र कुठे गेल्या नाहीत. शेजारणीला वाटतं दोघींचं पटत नाही. सौ. तसंच वाटू देते.

ता. २४ जाने.
रजा टाकून कंट्रोलच्या दुकानापुढे सकाळपासून उभा. माझ्यापुढे चारच माणसं राहिली आणि कापड संपलं. दुकानदार: "मास्टरजी, अगले हफ्ते देखेंगे." मागच्या हफ्त्यालाही हेच.
घरी आलो तर सौ. दारात हसत उभी. हसत! कामठ्याहून निरोप. आपल्यातलंच घर, मुलगा भातगिरणीत तोलाईवर, स्वभावाने गरीब म्हणतात. ११ फेब्रु.ला बघायला येणार. शेवंताला एकोणिसावं लागलं, हे तिसरं स्थळ. आधीच्या दोघांनी पोरीकडे कमी आणि ठिगळांकडे जास्त पाहिलं. या वेळी धड लुगडं शेवंताने नेसायचं, हे ठरलेलंच. पण मग मुलाच्या आईपुढे सौ. बसणार कशात? हसू तिथेच संपलं.

ता. ४ फेब्रु., रवि.
गोंदिया. स्टेशनाकडचा जुना बाजार. म्हाताऱ्या चाचाच्या ढिगात एक सापडलं. जांभळं, पिवळे काठ, नऊवारी, कुठे विरलेलं नाही. उन्हाकडे धरून पाहिलं. पदराजवळ रफू, बाकी ठणठणीत. कुणाचं, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "मैयत का माल है, मास्टरजी. धोबन दे गई. बाद में मत बोलना कि बताया नहीं."
बाई गेली की तिची कापडं आपण परटिणीला देतो, घरात ठेवत नाही. परटीण तरी किती नेसणार, विकते. मला हे सगळं माहीत. म्हणूनच आजवर बायकांचं कापड त्या बाजारातून आणलं नव्हतं. पुरुषाच्या कोटाला कोण विचारतो.
घेतलं.
सौ.ला सांगितलं, रेल्वेतल्या गार्डाची बदली झाली, त्याच्या बाईने जाता जाता विकलं. सौ.: "गार्डाची बाई नऊवारी नेसे?" म्हटलं, आपल्याकडचीच होती. इतकं सहज खोटं तोंडातून आलं की माझं मलाच नवल.

ता. ६ फेब्रु.
सौ.ने लुगडं रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतलं. रफू निरखत बसली. चुलीची ठिणगी पडून जळलं असावं. जांभळा दोरा मिळाला नसेल, म्हणून हिरव्याने शिवलं आणि टाक्याटाक्यांनी तिथे एक पान काढलं. "हात पाहा बाईचा," म्हणाली. मी कोटाचं बटण चाचपत राहिलो. तिने स्वतःसाठी घेतलंच नाही, शेवंताला दिलं. म्हणाली, माझं जुनं मला बरं आहे.
सायंकाळी दोघी एकत्र विहिरीवर गेल्या. मी ओट्यावर उभा राहून दोघींच्या पाठी बघत होतो, खुळ्यासारखा. शेवंता कशाला तरी मोठ्याने हसली. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की भीती वाटली.

ता. ११ फेब्रु., रवि.
संपलं सगळं. नीट लिहून ठेवतो.
दुपारी कामठ्याहून बैलांची दमणी आली. मुलगा, त्याचे वडील, आई. मुलगा खाली मान घालून, पण डोळे चांगले. वडील धानाबद्दल बोलले, तलावातल्या पाण्याबद्दल बोलले. सगळं सुरळीत. शेवंता चहा घेऊन आली. मुलाच्या आईपुढे कप ठेवायला वाकली, पदर पुढे आला. त्या बाईने पदर धरला. आधी वाटलं, पोत बघते आहे.
"हे लुगडं कुठचं हाय व?"
सौ. ऐटीत, "गार्डाच्या बाईचं होय. बदली झाली तिची."
बाईचं बोट त्या हिरव्या पानावरून फिरत होतं. "हे पान म्या काढलं हाय. माह्या चंद्रीचं लुगडं होय हे."
चंद्री म्हणजे त्यांची मुलगी, मुलाची धाकटी बहीण. मागल्या साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिथेच गेली. कापडं रीतीप्रमाणे परटिणीला दिली होती.
सौ.ने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मुलगा उठून बाहेर बैलांपाशी जाऊन उभा राहिला. शेवंता तशीच वाकलेली, कारण बाई पदर सोडेना. शेवटी मुलाच्या वडिलांनी बाईची बोटं एकेक करून सोडवली.
चहा कुणी घेतला नाही.

ता. १२ फेब्रु.
सौ.: "मेलेल्या बाईचं होतं तं होतं. मी तुमाले नाई म्हटलं असतं का? लोकायसमोर मले खोटी काऊन पाडली?"
तिने नाही म्हटलं नसतं, हे खरं. नाही मीच म्हटलं असतं स्वतःला, म्हणून स्वतःलाच खोटं सांगितलं. तिच्या तोंडून ते वदवलं एवढंच.
शेवंता आजही तेच नेसून आहे. दुसरं काय नेसणार?

ता. १८ फेब्रु., रवि.
मुलाचे वडील एकटेच आले. आत या म्हटलं, आले नाहीत. ओट्यावर बसले.
"मास्तर, पोरगी आमाले पसंत होती. आताई हाय. पन पोरगा म्हनते, माह्या बहिनीचं लुगडं तिच्या अंगावर पाह्यलं, आता तिले बायको कसा म्हनू?"
माणसं वाईट असती तर मनातल्या मनात शिव्या तरी दिल्या असत्या. म्हटलं, लुगडं घेऊन जा, तुमचं आहे. त्यांनी दारातून आत एकदा पाहिलं. सौ. घरात नेसायचं ठिगळाचं सावरत भिंतीआड सरकली. "नोको," म्हणाले, "राहू द्या. तुमालेच लागल."
शिव्याच बऱ्या.

ता. २६ फेब्रु.
गावभर झालं. विहिरीवर कुणीतरी म्हणालं, 'मेलीचं लुगडं आलं.' शेवंताने घागर भरली आणि घरी आली. मध्यस्थ म्हणतात, वर्षभर कुणी यायचं नाही, लोकांना विसरू द्या. लोक विसरत नाहीत. वर्षभराने तिला विसावं लागेल. सौ. माझ्याशी मिठाबद्दल आणि रॉकेलबद्दल बोलते, बाकी नाही.

ता. ५ मार्च
मुलाची आई आली, गडीमाणसाबरोबर दमणीतून. शेवंताजवळ बसली, तिच्या निऱ्या हाताने सारख्या केल्या. बोलता बोलता एकदा तिला 'चंद्री' अशी हाक मारली. चूक लक्षात आली, पण दुरुस्त केली नाही. शेवंताने ओ दिली.
मग सौ.ला म्हणाली, "होळीले चार दिवस माहेरपनाले धाडा इले. लेक म्हनून. सुनेसाठी लढाईच्या आधीचं कोरं लुगडं ठेवलं हाय पेटीत. तेच नेसवीन."
सौ. ताडकन, "माह्या पोरीले माय हाय."
"हाय न व," बाई म्हणाली. "मले पोरगी नाई."
सौ. उठून चुलीपाशी गेली.

ता. ९ मार्च
सौ. का अडून बसली ते आज कळलं. तिला अजून आशा आहे. महिना जाईल, दोन महिने जातील, पोराचं मन वळेल. पण एकदा शेवंता त्या घरी लेक म्हणून राहून आली, तिथे नेसली, जेवली, की तो तिचा भाऊ. मग दार कायमचं बंद. बरोबर आहे तिचं. तिच्या आशेत मला काही दिसत नाही, पण ती मोडायला माझं तोंड आहे कुठे? खोटं मी बोललो.

ता. २१ मार्च
कामठ्याहून निरोप, सोमवारी दमणी पाठवतो. हो-नाही विचारलंच नाही. सौ. म्हणाली, "तुमी आणलं लुगडं, तुमीच सांगा काय ते."

ता. २६ मार्च, सोम.
दमणी सकाळीच आली. शेवंता अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, हे मला आज सुचलं. एवढा शिकवणारा मी.
"शेवंता, तुले जायचं हाय का? पोरी, एकदा गेलीस की मग ते घर तुझं सासर व्हायचं नाही. कळतं ना?"
"कळते." सूप थांबलं नाही.
"मग?"
सूप थांबलं. मग खालीच बघत, "ते कोरं हाय म्हनते, बाबा. म्या अजून लुगड्याची घडी नाई मोडली कधी."
खरंच नाही. पहिलं नेसली ते आईचं. मधलं मावशीचं. हे चंद्रीचं.
मी आत येऊन हे लिहीत बसलोय. शाळेची वेळ टळून गेली. गाडीवान दोनदा दाराशी येऊन विचारून गेला, बैल सोडू का जुपलेलेच राहू देऊ.