चाड्यावरची मूठ

नाना, परवा मी गावी गेले होते. विहिरीखालच्या तुकड्यात गहू पेरायचा होता. दादा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी संपवून आता शेती बघतो, पण ओल पेरणीजोगी कधी होते, तो वाफसा त्याला अजून कळत नाही. फोन करून म्हणाला, तू येऊन एकदा रान बघ. मी इंदिरानगरहून सकाळची गाडी धरून कळवणला उतरले, तशीच रानात गेले. मूठभर माती दाबली, गोळा केला, कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकला. फुटला. मी म्हणाले, पेरा. ट्रॅक्टरवाला पेरणीयंत्र लावून तयार होता. पहिलं बी घरच्या माणसानं पेटीत ओतायचं, म्हणून मी घमेलं उचललं, तर वहिनीनं ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

“वन्सं, राहू द्या. नाना म्हणायचे ना, तुमच्या हाताला गुण नाय.”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तवा तापलाय, हात लावू नका, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. दादा ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत उभा राहिला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, नाना. माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले. आणि तुमचं ते एक वाक्य अजून त्या बांधावर माझ्याआधी जाऊन बसलेलं असतं. मला तुमचा राग आलाय. आज आलाय असं नाही, पण आज तो लिहून काढतेय.

ते वाक्य तुम्ही ज्या वर्षी बोललात, त्या वर्षीचं रान कुणी तयार केलं होतं? बाजरी निघाल्यावर नांगरट तुम्ही केलीत, कबूल. पण त्यामागून धसकटं वेचली मी. बोटांना चिरा पडल्या होत्या, भाकरी मोडताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. शेणखताच्या पाट्या मी वाहिल्या. कुळवाच्या दोन पाळ्या झाल्यावर जी ढेकळं उरली ती मी फोडली. मंगळवारी रान ओलवलं, तेव्हा पाटाच्या पाण्याची दारं धरायला गुडघाभर चिखलात मीच होते. काळं रान आपलं, आठ दिवसांशिवाय वाफसा येत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. गोळा करून टाकायचा, फुटला तर पेरायचं, नाही फुटला तर गप घरी जायचं. मी सात वर्षांची असताना माझ्या तळहातावर माती ठेवून तुम्ही हे दाखवलंत. ते मी कधी विसरले नाही. विसरलात तुम्ही.

कारण दादाला सुट्टी रविवारचीच होती. नवी नोकरी, नवी पँट. साहेब झालेला मुलगा पेरणीची पाभर हाकतोय हे सगळ्या वस्तीला दिसायला हवं होतं. रविवार म्हणजे ओलवल्यापासून पाचवा दिवस. आईची पाठ धरली होती, म्हणून चाड्यावर मूठ धरायला त्या वर्षी पहिल्यांदा मी. ओटीत बी घेऊन पाभरीमागून चालायचं, मुठीतून दाणा दाणा चाड्याच्या वाटीत सोडायचा, तो नळ्यांतून तासात पडतो. आईसारखी एकसमान धार पडावी म्हणून मी आठवडाभर अंगणात वाळू सोडून सराव केला होता. तुम्हाला ते ठाऊक तरी होतं का?

सकाळी मी गोळा टाकून बघितला. जसाच्या तसा राहिला. मी म्हणाले, “नाना, तीन दिवस थांबू. गोळा फुटत नाय.” बांधावर शेजारची पाच-सहा माणसं चहा पीत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत.

“तू मला रान शिकवू नको. मूठ धरायला आणलीय, तेवढी धर.”

माणसं हसली. मी मूठ धरली. नळ्या चिखलानं तुंबत होत्या, बैलांचे पाय रुतत होते, दादा घामाघूम झाला होता. तुम्ही दर फेरीला काडीनं नळ्या मोकळ्या करत होतात आणि बोलत होतात मला. बी दाट सोडतेस, हात जड आहे, लक्ष कुठं आहे. दादाला एक शब्द नाही.

दाणा चिखलात कुजला, आणि पुढे रान वाळलं तसं वरून पापडी धरली. बारा दिवसांनी गहू उगवला तो चट्ट्याचट्ट्यांनी, खरूज झालेल्या कुत्र्यासारखा. तीच माणसं बघायला आली. तुम्ही बांधावर उभे राहून म्हणालात, “काय करता, पोरीच्या हाताला गुण नाय.” झालं. ओलं रान सुटलं, रविवार सुटला, साहेब सुटला. पुढच्या वर्षापासून मुठीला शेजारची काकू आणि मी परत धसकटं वेचायला. आई वाफ्यात कोथिंबीर टाकायची, तेव्हा मी हात पुढे केला की म्हणायची, तू राहू दे गं. लग्न होऊन शहरात आले. सासूबाईंनी तुळस लावायला सांगितली, तर मी म्हणाले, तुम्हीच लावा. नाना, तीस वर्षं मी घरात एक कुंडी लावली नाही. पोरीवर ढकललं की सगळं सोपं होतं, नाही का? तुम्ही मरेपर्यंत एकदाही म्हणाला नाहीत की चूक माझी होती.

इथवर लिहिलं आणि पेन थांबला. हा कागद कुठं पाठवायचा नाही, मग खोटं तरी कुणासाठी लिहू? पेरणीच्या सकाळी माणसांपुढे तुम्ही ‘तेवढी धर’ म्हणालात, त्यानंतर बांधाकडच्या शेवटच्या चार फेऱ्यांत मी चाड्यावर मूठ धरली, पण उघडली नाही. ओटीतलं बी तसंच घरी आणून पोत्यात ओतलं. बाकीचं रान तुमच्या घाईनं कुजलं, ते तुमचंच. त्या चार फेऱ्या माझ्या. बारा दिवसांनी उगवण बघायला माणसं यायच्या आधी तुम्ही तिथं उकिडवे बसून बोटानं तास उकरत होतात, ते मी विहिरीवरून बघत होते. रानात इतरत्र उकरलं की कुजका दाणा निघत होता, तिथं काहीच निघालं नसणार. तुम्ही उठलात, हात झटकलात, माझ्याकडे बघितलंत आणि बांधाकडे गेलात. मी मुद्दाम केलं असं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आणि परवा वहिनीनं घमेलं काढून घेतलं तेव्हाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.